केल्सो : मोहावी वाळवंटातलं रेल्वेचं गाव

सांधेवाला

लॉस एंजेलिसहून व्हेगासला गाडीने जाताना बेकरला थांबला नाही असा मराठी माणूस विरळाच. पेट्रोल भरायचं, तिथल्या १३४ फुटी थर्मामीटरपाशी फोटो काढायचा, सावलीत दशम्या-चटणी सोडायची आणि पुन्हा पंधरा नंबरचा हायवे धरायचा. त्याच बेकरहून दक्षिणेकडे एक दुपदरी रस्ता फुटतो, केलबेकर रोड. केल्सो आणि बेकर ही दोन नावं जोडून केलेलं नाव. त्या रस्त्याने ३५ मैल गेलं की काळ्या लाव्हाची टेकाडं मागे पडतात, उतार लागतो आणि आजूबाजूला मैलोनमैल काही नसताना एकदम लाल कौलांची दुमजली इमारत दिसते. पुढे कमानींचा व्हरांडा, पामची उंच झाडं, मागे रूळ. हे केल्सो.

गेल्या आठ वर्षांत मी इथे सहा वेळा गेलो. आजोबा भुसावळकडे सांधेवाले, म्हणजे गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारे होते, वडिलांचं लहानपण रेल्वेच्या चाळीत गेलं. त्यामुळेही असेल, पण ही जागा मनातून जात नाही. ओसाड गाव म्हणून फोटो काढणारे खूप भेटतात. मला मात्र तिथे उभं राहिलं की एकच प्रश्न पडतो : इथे माणसं नेमकी कशासाठी राहत होती? त्याचं उत्तर शोधता शोधता बरंच वाचलं, तेच इथे लिहितो आहे.

उत्तर आहे घाट. मोंटानाचे तांब्याचे खाणसम्राट आणि सिनेटर विल्यम क्लार्क यांनी लॉस एंजेलिस ते सॉल्ट लेक सिटी अशी रेल्वे बांधायला घेतली, तिच्यात युनियन पॅसिफिक कंपनीची निम्मी भागीदारी होती. ही लाइन १९०५ साली पुरी झाली. वाळवंट ओलांडताना तिला एक मोठी चढण लागत होती. केल्सो समुद्रसपाटीपासून सुमारे २,१२५ फुटांवर, आणि पुढचं सीमा स्टेशन सुमारे ४,१७५ फुटांवर. (स्पॅनिशमध्ये 'सीमा' म्हणजे माथा. उच्चार थेट आपल्या सीमेसारखा, म्हणून मला ते नाव फार आवडतं.) मधलं अंतर जेमतेम ३० किलोमीटर. चढ २.२ टक्के, म्हणजे साधारण ४५ फुटांमागे एक फूट. डोळ्यांना तो चढ जाणवतसुद्धा नाही, रस्ता सपाटच वाटतो. पण वाफेच्या इंजिनाला मागे मालगाडी घेऊन तो एकट्याने चढवत नसे. म्हणून पायथ्याशी जादा इंजिनं तयार ठेवावी लागत. गाडी आली की ती जोडायची, सीमापर्यंत चढवायची, तिथे सोडायची आणि रिकामी परत आणायची. शिवाय वाफेचं इंजिन म्हणजे पाण्याचा राक्षस, आणि केल्सोजवळ प्रॉव्हिडन्स डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मिळत होतं. घाटाचा पायथा आणि पाणी एकाच ठिकाणी. बाकी काही असायची गरजच नव्हती.

सुरुवातीला या जागेला नावही नव्हतं, नुसतं सायडिंग (गाडी बाजूला घ्यायचा रूळ) नंबर १६. नावाची गोष्ट अशी सांगतात की गोदामातल्या काही कामगारांनी आपापल्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या, आणि जॉन केल्सो नावाच्या एका सोबत्याचीही टाकली. चिठ्ठी नेमकी त्याचीच निघाली, आणि तो तेव्हा तिथली नोकरी सोडून गेलेला होता!

मग इंजिनं आली म्हणून फिटर आले, कोळसा-पाणी बघणारे आले, फायरमन-ड्रायव्हर आले, त्यांना झोपायला जागा लागली, जेवायला लागलं. रुळांच्या देखभालीच्या टोळ्या आल्या. पोस्ट आलं, दुकान आलं, एका खोलीची शाळा आली. आज जी इमारत दिसते ती १९२४ साली सुरू झाली. खाली तिकीट, तार ऑफिस, सामानाची खोली आणि खाणावळ, वर कर्मचाऱ्यांच्या झोपायच्या खोल्या. आपल्याकडे डेपो म्हटलं की एसटी आठवते, पण तिकडे छोट्या स्टेशनाला सर्रास डेपो म्हणतात. ही इमारत केल्सो डेपो म्हणूनच ओळखली जाते.

खाणावळीचं नाव बीनरी, म्हणजे आपल्या भाषेत उसळीचं हॉटेल. चोवीस तास चालू. पहाटे तीनला घाट उतरून आलेल्या माणसाला गरम जेवण मिळायलाच हवं, हा हिशेब. तो घोड्याच्या नालेसारखा वळलेला काउंटर आणि भोवतीची गोल स्टुलं आता पुन्हा तशीच बसवली आहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. ती एका स्टुलावर चढून बसली, दोन्ही कोपरं काउंटरवर ठेवली आणि बराच वेळ आतल्या रिकाम्या बाजूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, इथे पाणी कोण देतं?" मला काही बोलता आलं नाही.

गावाचा सगळ्यात गजबजलेला काळ म्हणजे दुसरं महायुद्ध. उद्योगपती हेन्री कायझर यांना पॅसिफिक किनाऱ्यावर जहाजं बांधायला पोलाद हवं होतं, त्यासाठी लॉस एंजेलिसच्या बाजूला फोंटानाला कारखाना उभा राहिला. त्याला लोहखनिज लागत होतं, ते केल्सोपासून काही मैलांवरच्या व्हल्कन खाणीतून १९४२ पासून निघू लागलं. ट्रकने केल्सोपर्यंत, पुढे रेल्वेने फोंटाना. त्याच वेळी सैन्याच्या गाड्यांची रीघ. तेव्हा केल्सोची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आज तिथे उभं राहून हा आकडा खरा वाटत नाही.

युद्ध संपलं, १९४७ मध्ये खाण बंद झाली. त्यानंतर डिझेल इंजिनं आली. त्यांना पाणी नको, घाटासाठी थांबून जादा इंजिन जोडणं नको. केल्सो ज्या दोन कारणांनी जन्मलं ती दोन्ही कारणं दहा-बारा वर्षांत गेली. १९६२ साली स्टेशन म्हणून इमारतीचं काम संपलं. खाणावळ आणि वरच्या खोल्या मात्र १९८५ पर्यंत चालल्या.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो, फार लांबलं. कुणी गेलं असेल तर जरूर लिहा.

कैरी_पन्हं

अप्रतिम लेख. मुलीचा प्रश्न वाचून पोटात कालवलं.

मी दोन वर्षांपूर्वी गेले होते, पण वाळूच्या टेकड्या बघायला. केल्सो ड्यून्स गावापासून जवळच आहेत, सुमारे ६५० फूट उंच. वरून घसरत खाली आलं की वाळू घुमते, विमानाच्या घरघरीसारखा आवाज येतो, अंगातून जाणवतो. डेपोत मात्र आम्ही पंधरा मिनिटांसाठी शिरलो, नळावर बाटल्या भरल्या आणि निघालो. आता हळहळ वाटते आहे.

एक विचारायचं होतं. तिथे बायका किती होत्या? म्हणजे घरं होती का, की नुसता पुरुषांचा तळ?

सांधेवाला

कैरी_पन्हं, धन्यवाद. घरं होती. शाळा होती म्हणजे मुलं होतीच. तिची पडकी इमारत अजून उभी आहे. आणि बीनरी चालवण्यात बायकांचा मोठा वाटा होता. वाढणाऱ्या मुली बऱ्याचदा दूरदूरच्या गावांतून येत. वाळवंटात नोकरी, राहायला खोली, पाळी पहाटेचीही असायची. वरच्या मजल्यावरची एक खोली जुन्या पद्धतीने लावून ठेवली आहे : लोखंडी खाट, आरसा, छोटं टेबल. एवढंच. खिडकीतून रूळ दिसतात आणि त्यापलीकडे डोंगरापर्यंत काही नाही.

रुळांच्या टोळ्यांमधली माणसं या सगळ्या नैऋत्य भागात प्रामुख्याने मेक्सिकोतून आलेली. त्यांना 'ट्राकेरो' म्हणत. स्लीपर बदलणं, खडी ठोकणं, ४५ अंशांच्या उन्हात रूळ वाकला की सरळ करणं, ही सगळी कामं त्यांनी केली. सुंदर इमारतीचे फोटो निघतात, त्यांच्या वस्तीची मात्र जोती तेवढी उरली.

आबा_सोलापूरकर

लेख चांगला आहे, माहिती नवीन आहे. परंतु मला एक कळत नाही. दोन हजार वस्तीचं गाव, पण तुम्ही नगरपालिका, महापौर वगैरे कुठेच लिहिलं नाही. ग्रामपंचायत तरी असेलच की? तीही नाही म्हणता? मग दिवाबत्ती कोणी केली, भांडणं कोणी मिटवली?

सांधेवाला

आबा, अगदी मुद्द्याचं विचारलंत.

अमेरिकेत प्रत्येक वस्तीला आपोआप स्थानिक शासन मिळत नाही. लोकांनी एकत्र येऊन, मतदान करून, राज्याच्या कायद्याप्रमाणे आपली नगरपालिका स्थापन करायची असते. त्याला 'इनकॉर्पोरेट' होणं म्हणतात. केलं नाही तर ती वस्ती 'अनइनकॉर्पोरेटेड'. नकाशावर नाव असतं, पोस्टाचा शिक्का असतो, पण हद्द नाही, महापौर नाही, स्वतःचा कर नाही. कारभार काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी जी यंत्रणा असते तिचा. पोलीस म्हणजे काउंटीचा शेरीफ.

आता केल्सो ज्या सॅन बर्नार्डिनो काउंटीत येतं ती सुमारे ५२,००० चौरस किलोमीटरची. गोव्याच्या चौदा पट! मुख्यालय शेकडो किलोमीटरवर. त्यामुळे व्यवहारात केल्सोत दिवे रेल्वेचे, पाणी रेल्वेचं, बहुतेक घरं रेल्वेची आणि मालकही रेल्वेच. भांडणाचं म्हणाल तर डेपोच्या बाजूला १९४४ साली आलेला एक तुरुंग आहे. लोखंडी पट्ट्या उभ्या-आडव्या विणून केलेला, दोन कोठड्यांचा पिंजरा, वर छप्पर. जास्त झालेल्या माणसाला एक-दोन रात्री ठेवायची सोय. पट्ट्यांमधल्या चौकोनातून हात जेमतेम जातो. दुपारी त्याला हात लावला तर चटका बसतो. आत झोपलेल्या माणसाचं जुलैमध्ये काय होत असेल ते मनात येतंच.

वाळवंटी_चाफा

मी हेंडरसनला राहते, व्हेगासच्या शेजारी, त्यामुळे राहवत नाही. 😊

आबा, 'अनइनकॉर्पोरेटेड' म्हणजे नेहमी उजाड खेडंच असं नाही. व्हेगासची जी प्रसिद्ध स्ट्रिप, ते सगळे झगमगते कसिनो, ती बहुतेक सगळी लास व्हेगास शहराच्या हद्दीत नाही. ती पॅराडाइझ नावाच्या अनइनकॉर्पोरेटेड वस्तीत येते! आमच्या काउंटीचं नाव क्लार्क काउंटी, आणि ते नाव याच सिनेटर क्लार्क यांच्यावरून पडलं.

आणि सांधेवाला, तुम्ही लिहायचं राहिलं की काय? व्हेगास हेही त्याच लाइनवरचं, त्याच वर्षीचं बाळ. तिथेही झऱ्याचं पाणी होतं, म्हणून रेल्वेने ठाणं केलं. १५ मे १९०५ ला रेल्वेने रुळांलगतच्या जागेचा लिलाव केला, दोन दिवसांत सुमारे १,२०० प्लॉट विकले. १९११ साली नगरपालिका झाली. केल्सो आणि व्हेगास ही एका घरातली दोन भावंडं म्हणायला हरकत नाही.

सांधेवाला

वाळवंटी_चाफा, तुम्ही माझ्या मनातलं काढलंत. दुसऱ्या भागासाठी राखून ठेवलं होतं, आता इथेच लिहितो.

मला वाटतं सगळी गोम त्या लिलावात आहे. व्हेगासला रेल्वेने जमीन लोकांना विकली. ज्याने प्लॉट घेतला त्याने दुकान टाकलं, हॉटेल टाकलं, उद्या रेल्वे गेली तरी त्याची जमीन तिथेच होती. आणि रेल्वे खरंच गेली. १९२२ च्या कामगारांच्या संपानंतर कंपनीने व्हेगासची दुरुस्तीची कार्यशाळा नेवाडातल्याच कॅलिएंटे गावाला हलवली. शेकडो माणसांची पोटं त्या कार्यशाळेवर होती. पण गाव मेलं नाही, कारण तिथे जमीनमालक माणसं होती, त्यांना जगण्यासाठी दुसरं काहीतरी शोधणं भाग होतं. १९३१ ला हूवर धरणाचं काम सुरू झालं, त्याच वर्षी नेवाडाने जुगार कायदेशीर केला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

केल्सोत कंपनीला हवं होतं ते इंजिनं, पाणी आणि ती चालवणारी माणसं. गाव वसवायचा तिचा विचारच नव्हता. काम संपलं, बदलीचा कागद आला, ट्रंक भरली, निघाले. घर रेल्वेचं, ते रेल्वेला परत. माझ्या आजोबांनी नोकरीत सात ठिकाणी बिऱ्हाड केलं. एकाही गावात त्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. निवृत्तीच्या दिवशी क्वार्टरची किल्ली दिली आणि दारातली तुळस कुंडीसकट उचलून घेऊन आले. केल्सोतल्या माणसांचं काय झालं असेल ते समजायला मला पुस्तक लागत नाही.

घाटमाथा

मी इगतपुरीचा. वडील मध्य रेल्वेत ड्रायव्हर, सगळी हयात थळ घाटात गेली. त्यामुळे तुमचा लेख दोनदा वाचला, मग त्यांना वाचून दाखवला. वय ७९, डोळ्यांना आता नीट दिसत नाही, पण रेल्वेचं काही असलं की कान टवकारतात.

तुम्ही ज्याला जादा इंजिन म्हणता त्याला आमच्याकडे बँकर म्हणतात. कसाऱ्याला गाडीच्या मागे लागतात, इगतपुरीला सुटतात. नाशिककडे जाणाऱ्या प्रत्येकाने तो कसाऱ्याचा हलका धक्का अनुभवलेला असेल. बाबा डब्ल्यूसीजी-२ या विजेच्या इंजिनावर असताना ते काम खूप केलं. आमचा चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणजे तुमच्या सीमापेक्षा उभा, पण अंतर त्याच्या निम्मंच. बाबा म्हणाले, "तीस किलोमीटर सलग चढ म्हणजे इंजिनाचा जीव काढणारा. आणि त्याला सांग, चढण्यात काही नाही. उतरताना काय करत होते ते विचार."

तर विचारतो, उतरताना काय करत होते? आपल्याकडे कॅच सायडिंग आहेत, ताबा सुटलेली गाडी उलट्या चढावर घालायची सोय. तिथे आहे का?

सांधेवाला

घाटमाथा, बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

सीमाच्या उताराने अनेकदा घात केला आहे. नोव्हेंबर १९८० मध्ये लाकडी स्लीपर भरलेली एक मालगाडी सीमाहून उतरताना ब्रेकच्या आवाक्याबाहेर गेली. डब्यांत कागदावरच्यापेक्षा खूपच जास्त वजन होतं. चालकाने पुढे चाललेल्या गाडीला इशारा दिला, ती जीव घेऊन पळत होती, पण मागून येणारी गाडी ताशी १०० मैलांच्या वर गेलेली. केल्सो ओलांडून पुढे तिने पहिलीला गाठलंच. माणसं दगावली.

त्यानंतर जानेवारी १९९७. मक्याने भरलेल्या ७५ डब्यांची गाडी. उतारावर असताना चालकाकडून चुकून असं बटण दाबलं गेलं की सगळी इंजिनं एकदम बंद पडली, त्याबरोबर डायनॅमिक ब्रेकही (इंजिनाच्या मोटारींनी गाडी आवरणारा) गेला. नुसत्या हवेच्या ब्रेकवर ती आवरेना. केल्सोजवळ ६८ डबे रुळांवरून उतरले. मका वाळवंटात सांडला. सुदैवाने जीव गेला नाही.

वाफेच्या काळात उतरताना मध्ये गाडी थांबवून चाकं थंड होऊ द्यायची, हा साधारण सगळ्याच घाटांतला रिवाज. त्यासाठीही माणसं लागत, ब्रेकमन डब्यांवरून चालत जाऊन हाताने चाक फिरवून ब्रेक आवळत. वाळवंटातल्या रात्री, हलत्या डब्यावर. त्या माणसाला पहाटे तीनची बीनरी कशी वाटत असेल!

घाटमाथा

बाबा ऐकून दोन मिनिटं गप्प होते. "वजन खोटं लिहितात," एवढंच म्हणाले.

ऋतुजा_एम

मी वास्तुकला शिकते, म्हणून इमारतीबद्दल थोडं. ही शैली मिशन रिव्हायव्हल म्हणून ओळखली जाते. कॅलिफोर्नियातल्या जुन्या स्पॅनिश चर्चवरून घेतलेली : जाड पांढऱ्या भिंती, कमानी, लाल कौलं. उन्हाच्या देशात ती शोभतेही आणि उपयोगीही पडते, व्हरांड्यामुळे भिंतींवर थेट ऊन येत नाही. त्या काळी प्रतिस्पर्धी सांता फे रेल्वेची हार्वे हाउस नावाची उपाहारगृहं खूप गाजत होती. त्यांच्या तोडीस तोड काहीतरी हवं म्हणून युनियन पॅसिफिकने अशा देखण्या इमारती बांधल्या. नेवाडातल्या कॅलिएंटेलाही तिची बहीण शोभेल असं १९२३ चं स्टेशन आहे, तिथे आता नगरपालिकेचं कार्यालय आणि वाचनालय आहे.

मला जे विचारायचं आहे ते असं : १९८५ ला खाणावळ बंद झाल्यावर ही इमारत वाचली कशी? अशा जागी तर दारं-खिडक्यासुद्धा लोक काढून नेतात.

सांधेवाला

ऋतुजा, हाच भाग मला सगळ्यात जवळचा.

१९८५ ला कंपनीने इमारत पाडायचं ठरवलं होतं. कंपनीच्या बाजूने त्यात चूक काही नव्हती, वापर नाही, विमा आणि देखभालीचा खर्च. पण आसपासच्या वाळवंटात विखरून राहणारे लोक, जुने रेल्वेवाले, इतिहासाची आवड असणारे, अशांनी एकत्र येऊन आवाज उठवला. नगरपालिका नाही, निवडून दिलेला कुणी नाही, मतपेटीच्या दृष्टीने ते नगण्य. तरी पत्रं लिहिली, बैठका घेतल्या, पाडकाम थांबवलं. १९९२ ला इमारत केंद्र सरकारच्या भूमी व्यवस्थापन खात्याकडे गेली. १९९४ ला कॅलिफोर्निया वाळवंट संरक्षण कायदा झाला आणि मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह हे संरक्षित क्षेत्र जन्माला आलं, तेव्हा ती राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आली. २००२ ला दुरुस्ती सुरू झाली, २००५ ला माहिती केंद्र म्हणून दारं उघडली.

तार ऑफिसही पुन्हा मांडलं आहे. टेबल, खिडकीतून दोन्ही दिशांचे रूळ दिसतील अशी बसायची जागा. मी तिथे उभा राहून दोन्हीकडे बघतो. आजोबा असेच बघत असणार.

आबा_सोलापूरकर

वाचतो आहे. तरी एक शंका मनात राहतेच. इमारत वाचवली, ठीक. पण गाव म्हणजे माणसं. माणसं गेल्यावर कौलं जपून काय साधलं? आमच्याकडे धरणात गावं गेली, देऊळ वर हलवलं, लोक मात्र चार दिशांना पांगले. ते देऊळ बघायला आता कोणी जात नाही.

सांधेवाला

आबा, तुमचं दुःख समजतं आणि त्याला उत्तर माझ्याकडे नाही. केल्सोपुरतं सांगतो. मागच्या खेपेला तिथे एक वयस्क गृहस्थ भेटले. नातीला घेऊन आले होते, काउंटरच्या आतल्या बाजूला बोट दाखवून काहीतरी सांगत होते. नंतर माझ्याशी बोलले. त्यांची आई युद्धाच्या काळात तिथे वाढायचं काम करत होती. नातीला ते पणजीची उभी राहायची जागा दाखवत होते. इमारत पडली असती तर त्यांनी कुठे बोट दाखवलं असतं?

कैरी_पन्हं

+१. आणि आबा, तुमच्या त्या गावाचं नाव लिहा ना. वेगळा धागा काढा, आम्ही वाचू.

आबा_सोलापूरकर

काढतो. हात चालत नाही, नातवाकडून टंकून घेईन.

वाळवंटी_चाफा

सीमाबद्दलही थोडं सांगते. तिथलं जोशुआ वृक्षांचं जंगल जगातल्या सगळ्यात दाट जंगलांपैकी होतं. ऑगस्ट २०२० मध्ये वीज पडून आग लागली, ४३,००० एकर जळालं, सुमारे १३ लाख जोशुआ झाडं गेली. मी त्या हिवाळ्यात गेले होते. काळे बुंधे, हात वर केलेले. ती झाडं इतकी सावकाश वाढतात की आपल्या हयातीत ते जंगल पुन्हा दिसणार नाही. नंतर उंटांवरून पाणी नेऊन रोपं लावण्याचं कामही तिथे झालं, स्वयंसेवक गेले होते.

घाटमाथा

सांधेवाला, एक विनंती. तिथल्या गाडीचा आवाज तुमच्याकडे आहे का? बाबा विचारत आहेत.

सांधेवाला

आहे. फेब्रुवारीत सकाळी सातला काढलेला, सहा मिनिटांचा. डबल-स्टॅक, म्हणजे एकावर एक कंटेनर रचलेली गाडी सीमाहून उतरते आहे. दुवा व्यनितून (खासगी निरोपातून) पाठवला. सुरुवातीला दीड मिनिट नुसता वारा आहे, पुढे ढकलू नका, गाडी खूप दुरून ऐकू येते.

आणि जे दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणताहेत त्यांच्यासाठी : पेट्रोल बेकरलाच भरा, प्रिझर्व्हमध्ये कुठेही पंप नाही. फोनला रेंज नाही, नकाशा आधी उतरवून ठेवा. माणशी चार लिटर पाणी. डेपो त्या दिवशी उघडा आहे का ते निघण्याआधी उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर बघा. रुळांवर जाऊ नका, लाइन चालू आहे आणि दिवसभरात बऱ्याच गाड्या जातात, एकही थांबत नाही.

घाटमाथा

ऐकवलं. बाबा खाटेवर बसून, डोळे मिटून ऐकत होते. इंजिनं पुढून गेली, डबे जात राहिले, चाकांचा तो किंचाळल्यासारखा आवाज. मला वाटलं संपलं. तर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "थांब. मागेपण एक आहे."

मी पुन्हा लावलं. खरंच शेवटाला एका इंजिनाची घरघर येते. मला आधी कळलीच नव्हती.

सांधेवाला

हो! बरोबर ओळखलं त्यांनी. शेवटच्या डब्यामागे एक इंजिन होतं. पण त्यात माणूस नसतो. पुढचा चालक रेडिओवरून ते चालवतो. लॉस एंजेलिसच्या बाजूने चढतानाही तसंच, केल्सोला न थांबता.

घाटमाथा

सांगितलं त्यांना. "रिकामं?" असं दोनदा विचारलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आत्ता हाक मारून म्हणाले, पुन्हा लाव.